परसातली भेंडी : बियाण्यापासून बियाण्यापर्यंत

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऋषिपंचमीला, महाराष्ट्रातील असंख्य घरांत एक निराळीच भाजी शिजते. अळू, लाल भोपळा, पडवळ, शिराळी, सुरण, अंबाडी, मक्याच्या कणसांचे तुकडे आणि भेंडी असे सारे त्यात थोडे थोडे असते. मसाला नाही, फोडणीचा थाट नाही. मात्र या भाजीला एक जुनी अट आहे. बैलाच्या श्रमावर पिकलेले काहीही तिच्यात चालत नाही. साहजिकच पूर्वी ती परसातूनच यायची. घरच्या बाईने कुदळीने उकरलेल्या चार हात जमिनीत ज्येष्ठात बी टोचायचे आणि भाद्रपदात भाजी खुडायची, असा तो हिशेब होता. आज मुंबई-पुण्याच्या मंडईत ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. शेत नांगरले ते बैलाने की ट्रॅक्टरने, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. विचारले तरी भाजीवाला काय उत्तर देणार?

या यादीतील बहुतेक भाज्यांना जागा लागते. भोपळ्याचा वेल गच्चीभर पसरतो, पडवळाला मांडव हवा, सुरणाला धीर हवा. भेंडीचे तसे नाही. ती सरळ उभी वाढते, सव्वा-दीड महिन्यात फुलावर येते आणि रंगाच्या रिकाम्या बादलीतही समाधान मानते. म्हणूनच घरच्या घरी बियांपासून भाजी करू पाहणाऱ्या नवशिक्याला पहिले पीक म्हणून भेंडी सुचवली जाते. ते योग्यच आहे. पण भेंडी सोपी आहे याचा अर्थ ती चुका माफ करते असा नव्हे, हे मला २०२५च्या पावसाळ्यात पुरते कळले.

त्याला निमित्त होते ते कागदाच्या एका पुडीचे. सिंधुदुर्गातील एका खेड्यात राहणाऱ्या आमच्या आत्याच्या परसात सात-आठ शिरांची, फिकट हिरवी, वीतभर लांब भेंडी होत असे. बाजारातल्या भेंडीला सहसा पाच शिरा असतात. ही हातात घेतली की वेगळी जाणवायची. आत्या दरवर्षी दोन-चार शेंगा झाडावरच वाळू द्यायची आणि चुलीवरच्या फळीला टांगून ठेवायची. धुराने काळवंडलेल्या त्या शेंगांतील बी पुढल्या मृगाला जमिनीत जायचे. २०२१च्या दिवाळीत तिने मला त्यातले मूठभर बी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिले. ते मी इकडे तिकडे वाटले, थोडे सांडले, उरलेले कपाटात ठेवून विसरलो. २०२३ साली आत्या गेली. घर बंद झाले, परस रानाने भरले. २०२५च्या मे महिन्यात कपाट आवरताना ती पुडी हाती लागली तेव्हा तिच्यात १९ बिया होत्या. त्या वाणाच्या तेवढ्याच उरल्या असाव्यात, निदान आमच्या माहितीत तरी.

बी जिवंत आहे का?

भेंडीचे बी नीट कोरडे राहिले तर दोन-तीन वर्षे चांगले उगवते. त्यानंतर उगवण झपाट्याने घटते, आणि आपल्या किनारपट्टीची दमट हवा तर बियाण्याची वैरीणच. त्यामुळे जुने बी थेट मातीत टाकून वाट पाहणे म्हणजे निव्वळ जुगार ठरतो. त्याऐवजी दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात, उबदार जागी ठेवाव्यात आणि पाच-सहा दिवसांत किती मोडावतात ते पाहावे. सात-आठ मोडावल्या तर बियाणे उत्तम; तीन-चारच मोडावल्या तर पेरताना एका जागी दुप्पट बिया टाकाव्या लागतील, हे समजून घ्यावे.

मजजवळ चाचणीवर खर्च करायला बी नव्हतेच. तेव्हा चाचणी आणि पेरणी एकच करायची असे ठरवले. भेंडीच्या बीचे कवच टणक असते, पाणी आत शिरायला वेळ लागतो. यासाठी पेरण्याआधी बी रात्रभर, सुमारे १२ तास, साध्या पाण्यात भिजत ठेवतात. अधिक वेळ ठेवू नये. बीलाही श्वास लागतो, दोन दिवस पाण्यात बुडालेले बी गुदमरते. भिजलेल्या १९ बिया सुती फडक्यात बांधून ते फडके डब्यात ठेवले. तिसऱ्या दिवशी दोन बियांना पांढरे टोक दिसले. सहाव्या दिवसापर्यंत ही संख्या सातवर गेली. उरलेल्या बारांना बुरशी आली.

मोडावलेले बी कोंबाचे टोक जेमतेम दिसू लागताच लावावे. भेंडीला सोटमूळ असते. ते एकदा लांबले की हाताळताना मोडते आणि मोडले की रोप कायमचे खुरटते. वांगी किंवा मिरचीप्रमाणे रोपे करून मग ती हलवण्याची पद्धत भेंडीला मानवत नाही ती याच कारणाने. जिथे वाढायचे तिथेच तिला पेरावे. बी दीड ते दोन सेंटीमीटर खोल, म्हणजे बोटाच्या पहिल्या पेराच्या आतच, असावे. मोडावलेले बी असेल तर मुळाचे टोक खाली येईल असे ठेवून वर भुसभुशीत माती अलगद सारावी.

बाजारातील पाकीट आणले तर त्यातील बी गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले असते. तो रंग शोभेचा नसून बीला बुरशीनाशक लावल्याची खूण असते. असे बी हाताळल्यावर हात धुवावेत, लहान मुलांच्या हाती देऊ नये आणि भिजवलेले पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतू नये. पाकिटावरची मुदत तर पाहावीच. आणि पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे लिहिले आहे का, हेही पाहावे. त्याचे महत्त्व पुढे येईल.

मे महिन्यातला पाऊस आणि एक फसलेली पेरणी

भेंडी हे उबेचे पीक आहे. २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात ती खुशीत वाढते. पारा १६-१७ अंशांच्या खाली गेला की बी उगवतच नाही, मातीत पडून कुजते. म्हणून महाराष्ट्रात तिचे दोन मुख्य हंगाम ठरले आहेत. जून-जुलैत खरिपाची पेरणी होते आणि जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उन्हाळी. मुंबई-ठाण्याकडे हिवाळा नावालाच असल्याने वर्षातले जवळजवळ सर्व महिने चालतात. नाशिक किंवा विदर्भातील वाचकांनी मात्र डिसेंबरात हौस करू नये.

२०२५ साली मोसमी पाऊस विलक्षण लवकर आला. २६ मे रोजीच तो मुंबईत दाखल झाला. पहिल्या सरींचा वास नाकात गेल्यावर ठाण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी दुसऱ्याच दिवशी पाकिटातली भेंडी पेरून मोकळा झालो. बादल्यांत भरलेली माती खाडीलगतची, चिकट, काळी होती. पुढचे आठ दिवस पाऊस कोसळत राहिला. बादल्यांना भोके पाडली होती, परंतु ती चिखलाने बुजली. एकही बी वर आले नाही. उकरून पाहिले तेव्हा बियांचा लगदा झाला होता. त्या दिवशी आत्याच्या बिया पेरल्या असत्या तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

भेंडीला पाणी लागते, पण मुळाशी साचलेले पाणी तिला मुळीच खपत नाही. म्हणून कुंडीतल्या मातीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. बागेतील माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि माती मोकळी ठेवणारे काहीतरी (कोकोपीट, भाताचे तूस किंवा जाडी रेती) हे तिन्ही समसमान घेतले की काम भागते. सोबत मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. शेणखत कच्चे असू नये. त्याने हुमणी येते आणि मुळे भाजतात. कुंडी निदान १२ इंच खोल हवी. रंगाची २० लिटरची बादली यासाठी उत्तम. तिला तळाशी पाच-सहा भोके पाडावीत, भोकांवर खापऱ्या पालथ्या ठेवाव्यात आणि बादली दोन विटांवर चढवावी. खालून पाणी निघून गेलेले दिसले पाहिजे. अशा एका बादलीत दोन झाडे चालतात, त्याहून अधिक नकोत. जमिनीत लावणाऱ्यांनी दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत एक फूट अंतर ठेवावे. उन्हाळ्यात झाडे कमी पसरतात, तेव्हा अंतर थोडे कमी केले तरी चालते.

शहरात याआधी एक टप्पा असतो, तो म्हणजे सोसायटीची परवानगी. गच्ची गळते हा आपल्याकडील प्रत्येक इमारतीचा राष्ट्रीय प्रश्न आहे आणि तिचे खापर फुटण्यासाठी कुंड्यांइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. विटांवर चढवलेल्या बादल्यांचा इथे दुहेरी उपयोग होतो; फरशी कोरडी राहते आणि समितीच्या सदस्यांना खाली वाकून ते पाहताही येते.

गच्ची असो की परस, दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळणारी जागा निवडावी. सावलीत झाड उंच, किडकिडीत होते आणि फूल धरत नाही. पूर्वेकडच्या बाल्कनीत दोन तास ऊन येत असेल तर भेंडीचा नाद सोडून अळू लावावा.

सातातून पाच

सात मोडावलेल्या बिया १० जूनला नव्या मातीत गेल्या. चार दिवसांत सर्व वर आल्या. भेंडीची पहिली दोन पाने गोलसर, गुळगुळीत असतात. त्यानंतर येणारी पाने कातरलेली, लवदार. रोप चार पानांचे होईपर्यंतचे पंधरा-वीस दिवस सर्वांत नाजूक असतात. सततच्या ओलीने एक रोप मातीलगत काळे पडून कोलमडले. दुसरे कबुतराने खाल्ले. उरलेल्या पाच रोपांवर मी फळांच्या जाळीदार टोपल्या पालथ्या घातल्या आणि दोन आठवड्यांनी काढल्या.

एका जागी दोन-तीन बिया पेरल्या असतील तर रोपे वीतभर झाल्यावर जोमदार तेवढे एक राखावे आणि बाकीची कात्रीने मातीलगत कापावीत. उपटली तर शेजारच्या रोपाची मुळे हलतात. ही विरळणी करताना हात थरथरतो, हे खरे. पण एकाच जागी तीन झाडे वाढू दिली की तिन्ही उपाशी राहतात.

यानंतरचा महिना विशेष काही करावे लागत नाही. तण काढावे, वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पाऊस उघडला तर पाणी द्यावे. फुले दिसू लागली की दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत पुरते. नत्राचा, म्हणजे युरियासारख्या खताचा, मारा केला तर झाड पानांनी माजते, भेंड्या लागत नाहीत आणि कोवळ्या पानांवर मावा व तुडतुडे तुटून पडतात. पानांच्या मागे, देठांवर काचेच्या मण्यांसारखे पारदर्शक थेंब दिसले तर घाबरू नये. पुष्कळ जण ती किडीची अंडी समजून फवारणीला लागतात. वस्तुतः तो झाडाचाच चिकट पाझर असतो आणि त्याने काहीही बिघडत नाही.

पहिले फूल ३० जुलैला उमलले. बाजारातील वाण पेरणीपासून ३५ ते ४५ दिवसांत फुलतात; या जुन्या वाणाने ५० दिवस घेतले. भेंडीचे फूल एकदा तरी निरखून पाहावे. फिकट पिवळ्या पाच पाकळ्या आणि आत गर्द किरमिजी तळ. कापूस, जास्वंद, अंबाडी ही सारी तिची भावंडे. फुलाच्या मध्यातून निघालेल्या परागदांड्यावरून हे नाते कोणालाही ओळखता येते. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. त्यानंतर पाच ते सात दिवसांत भेंडी काढायला येते.

हे 'पाच ते सात दिवस' फार काटेकोर आहेत. भेंडी रोज बोटभर वाढते. दोन दिवस गावाला जाऊन आलात की ती निबर झालेली असते. कोवळेपणाची परीक्षा सगळ्या गृहिणींना ठाऊक आहे : शेपटाचे टोक टचकन मोडले तर कोवळी, नुसते वाकले तर जून. मंडईत ही परीक्षा घेतली की भाजीवाला डोळे वटारतो. आपल्या गच्चीवर ती मनसोक्त घेता येते. काढणी एक दिवसाआड करावी आणि कात्रीने देठ कापावा, ओढू नये. पानांची व फळांची बारीक लव काहींच्या हाताला खाज आणते. त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत. आणि खायची नसली तरी निबर भेंडी झाडावर ठेवू नये. एक शेंग बी भरू लागली की झाड आपली शक्ती तिकडे वळवते आणि नवी फुले कमी होतात.

किती झाडे लावावीत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ऐन बहरात एक निरोगी झाड साधारण दोन दिवसांना एक भेंडी देते. पाव किलोत वीस-पंचवीस भेंड्या बसतात. म्हणजे चौघांच्या घराला आठवड्यातून दोनदा भाजी हवी तर डझनभर झाडे लागतात. दोन कुंड्यांत भेंडी लावून मंडई बंद करू म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

पिवळ्या शिरांचे संकट

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली. चार दिवस कडक ऊन पडले. पाचव्या दिवशी एका झाडाच्या शेंड्याकडील पानांच्या शिरा पिवळ्याधमक दिसू लागल्या. मधला भाग हिरवा, शिरांचे जाळे पिवळे. तीन-चार दिवसांत पुढची कोवळी पाने पुरती पिवळी झाली आणि त्या झाडाची नवी भेंडीही पांढरट-पिवळी, आखूड निघाली.

शेतकरी याला हळद्या किंवा केवडा म्हणतात. भेंडीचा हा सर्वांत घातक रोग. तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी नावाचा तांदळाच्या कणीहून लहान कीटक तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. १९२४ साली तत्कालीन मुंबई इलाख्यातच त्याची पहिली नोंद झाली. तेव्हापासून भेंडीच्या सुधारित वाणांचा इतिहास म्हणजे बहुतांशी या रोगाशी झालेल्या झुंजीचाच इतिहास आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९५०च्या दशकाच्या अखेरीस काढलेला 'पुसा सावनी' हा वाण देशभर पसरला, कारण तो हळद्याला दाद देत नसे. पुढे ती प्रतिकारशक्ती टिकली नाही. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी तिचा संकर घडवून, त्याची संतती पुन्हा पुसा सावनीशी जुळवत १९८०च्या दशकात 'परभणी क्रांती' हा वाण दिला. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का अनामिका' हाही अशाच रानटी रक्ताचा. विषाणू मात्र थांबत नाही, तो बदलत राहतो. म्हणून नवनवे वाण काढत राहणे भाग पडते.

आत्याच्या भेंडीत यातले काहीच नव्हते. गावाकडे एकाकी परसात, भेंडीच्या शेतांपासून दूर, तिला कदाचित या रोगाची गाठच पडली नसावी.

रोगट झाडावर उपाय नाही. विषाणूला मारणारे औषध नाही. फवारणी करायची ती माशीवर. रोप महिना-दीड महिन्याचे असताना हळद्या आला तर पीक जवळजवळ हातचे जाते. उशिरा आला तर थोडेफार पदरात पडते. तथापि घरच्या बागेत एकच नियम पाळावा : पहिले झाड दिसताच ते मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाकावे. पाचातले एक झाड, तेही फळे देत असलेले, उपटणे जिवावर आले. दोन दिवस मी ते टाळलेही. तिसऱ्या दिवशी पान उलटे करून पाहिले तर पांढऱ्या माश्यांचा थवाच उडाला आणि शेजारच्या बादलीवर जाऊन बसला. त्यानंतर विचार करायला वेळ उरला नाही.

उरलेल्या चार झाडांसाठी दोन उपाय केले. पिवळ्या रंगाकडे ही माशी ओढली जाते, म्हणून पिवळ्या पत्र्याला एरंडेल चोपडून ते झाडांच्या उंचीवर टांगले. विकतचे चिकट सापळेही मिळतात. दुसरा उपाय पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, त्यात साबणाच्या चुऱ्याची चिमूट विरघळवायची आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारायची. दर आठ दिवसांनी हे करावे लागते. रासायनिक कीटकनाशकाच्या मोहात घरच्या बागायतदाराने पडू नये. भेंडी एक दिवसाआड खुडली जाते; फवारणीनंतर थांबायला सांगितलेले दिवस पाळायचे तर मधल्या सगळ्या भेंड्या निबर होऊन फेकाव्या लागतील. शेतकऱ्यासमोरही नेमका हाच पेच असतो, आणि बाजारच्या भेंडीवरील औषधांच्या अंशांची चर्चा होते ती त्यातूनच.

शेंडा अचानक मान टाकून सुकला किंवा भेंडीला छिद्र व त्यातून विष्ठा दिसली तर ती फळे पोखरणारी अळी समजावी. तेवढा भाग कापून नष्ट करावा. चार-दहा झाडांवर नजर ठेवणे अवघड नाही.

खावी की राखावी

२८ ऑगस्टला ऋषिपंचमी होती. आदल्या तीन दिवसांत चार झाडांवर सहा भेंड्या तयार होत्या. या शेंगा बियाण्यासाठी राखाव्यात की भाजीत घालाव्यात, यावर घरात दोन पक्ष पडले. पहिल्या बहरातल्या, निरोगी झाडाच्या शेंगा बियाण्याला उत्तम, हे खरेच. परंतु भेंडीचे बी पक्व व्हायला फुलापासून ३० ते ४० दिवस लागतात. ऑगस्टअखेरची शेंग सप्टेंबरअखेरच्या झडीत सापडली तर ती झाडावरच कुजते, कधी शेंगेतल्या शेंगेत बी मोडावते. त्याऐवजी सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातील फुले राखली तर शेंगा ऑक्टोबरच्या मध्यास, परतीचा पाऊस सरताना, वाळायला येतात. धोका एकच : तोवर हळद्याने झाडे गाठली तर काहीच उरणार नाही.

आईने प्रश्न निकालात काढला. "तुझी आत्या या भाजीसाठीच लावायची," एवढेच ती म्हणाली. सहाही भेंड्या भाजीत गेल्या. मोठ्या पातेल्यात त्या कुठे विरल्या ते कळले नाही.

बी धरायचे तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. भेंडीचे फूल स्वतःच्याच परागांनी फळू शकते, पण मधमाश्या आणि भुंगे या फुलावरून त्या फुलावर परागांची देवाणघेवाण करतातच. जवळपास दुसरा वाण असेल तर बी भेसळीचे निघते. आमच्या गच्चीवर जूनमध्ये पुन्हा पेरलेली पाकिटातली संकरित भेंडी होतीच. म्हणून दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखून (ती फुगीर होते, टोकाला पिवळे दिसते) तिच्यावर मलमलीची लहान पिशवी बांधली आणि फूल गळल्यावर काढली. त्या शेंगेच्या देठाला लाल दोरा गुंडाळला, घरातल्या कोणी चुकून खुडू नये म्हणून.

संकरित वाणाचे बी मात्र धरूच नये. एफ-१ म्हणजे दोन निवडक शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी. ती एकसारखी आणि जोमदार असते, पण तिचे बी पेरले की पुढल्या पिढीत आजी-आजोबांचे सारे गुण विस्कटून बाहेर पडतात. २०२३ साली मी हा उद्योग करून पाहिला होता. एकाच शेंगेतल्या आठ बियांपासून कोणी कमरेएवढे तर कोणी डोक्याएवढे झाड झाले आणि भेंड्याही दोन-तीन तऱ्हांच्या लागल्या. परभणी क्रांती, अर्का अनामिका यांसारखे सरळ वाण किंवा घरचा गावठी वाण असेल तर असे होत नाही. स्वतःचे बी राखण्याची, पेरण्याची आणि देण्या-घेण्याची शेतकऱ्याची मुभा भारतात २००१च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेली आहे.

असे राखलेले वाण अजून काही ठिकाणी टिकून आहेत. गोव्यात मांडवी नदीतील सांत इस्तेव बेटाला 'शाकेचो जुंवो', म्हणजे भाज्यांचे बेट, म्हणतात. तिथली सात शिरांची भेंडी प्रसिद्ध आहे. तिचे बी घरोघर पिढ्यानपिढ्या राखले गेले. आमच्या आत्याची भेंडी तिकडूनच कधी सावंतवाडीमार्गे आली असेल काय, असे मनात येते. खात्री करून घ्यायला आता विचारणार कोणाला?

सप्टेंबरात दोन सर्वांत निरोगी झाडांवर प्रत्येकी तीन शेंगा राखल्या. सुरुवातीच्या, खोडाच्या मध्यावरच्या शेंगा निवडाव्यात. शेवटी शेंड्याला लागणाऱ्या किरकोळ शेंगा खाव्यात आणि मोठ्या राखाव्यात, उलट करू नये. अपेक्षेप्रमाणे त्या झाडांनी नवी फुले देणे कमी केले. महिनाअखेरीच्या पावसात एक शेंग बुरशीने गेली. उरलेल्या पाच ऑक्टोबरच्या मध्यास तपकिरी झाल्या, शिरांवर उकलू लागल्या आणि हलवल्या की आत खुळखुळू लागल्या. शेंग उकलू लागली की फार थांबू नये, बी सांडते. त्या कापून, आमच्याकडे चूल नसल्याने, गॅसच्या ओट्यापासून दूर खिडकीत आठवडाभर सावलीत वाळवल्या.

एका शेंगेत साधारण ४० ते ६० बिया असतात. पाच शेंगांतून किडके, चपटे बी वेगळे काढल्यावर २१२ टपोऱ्या, करड्या-हिरवट बिया उरल्या. दाताखाली कट्ट वाजते ते बी पुरेसे वाळलेले समजावे. चाळलेल्या लाकडी राखेत ते मिसळून काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरले, वर वाणाचे नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी लावली. नावाच्या जागी काय लिहावे हे सुचेना, तेव्हा 'आत्याची' असे लिहिले. निम्म्या बिया पाच पुड्या करून सिंधुदुर्गातील नातलगांकडे धाडल्या. एकाच गच्चीवर सारे बी ठेवण्यात शहाणपण नाही, पांढरी माशी तिथेच मुक्कामाला आहे. चौथ्या शेंगेला आठ शिरा होत्या. तिचे ४६ बी मात्र निराळ्या पुडीत ठेवले आहे. पेरणी मृगात, पण पावसाचा जोर ओसरलेला पाहूनच.